खुर्चीत कोण बसलं होतं

प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरांना समोर सगळे 'मॅडम, मॅडम' करायचे आणि पाठ वळली की भिंगबाई म्हणायचे. बाईंना हे ठाऊक होतं. कोण म्हणतं, कधी म्हणतं आणि पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं हेसुद्धा ठाऊक होतं, कारण ठाऊक करून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरून निघताना कुलूप लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायचं, असा एकंदर स्वभाव. नवरा म्हणायचा, "अगं, कुलपाचा जीव घेशील एक दिवस." पण याच स्वभावामुळे बाईंची सही असलेला रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजली जायची, आणि त्याचा बाईंना मनातून भारी अभिमान होता.

त्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर दोन आलेख आले. पेशंट चाळिशी ओलांडलेला, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा माणूस. जठराचा कॅन्सर. दुर्बीण घालून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून, त्याचे पातळ पापुद्रे काढून बाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. गाठीच्या पेशी होत्याच, आणि त्यांच्याभोवती बारक्या, काळपट पहारेकरी पेशींची ही गर्दी. आता एकच गोष्ट कळायची राहिली होती, आणि तिच्यासाठी वरच्या मजल्यावरचे कॅन्सरचे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ फोन करत होते.

गोष्ट अशी. आपल्या डीएनएमध्ये काही जागी एकच अक्षर ओळीनं वीस-पंचवीस वेळा येतं. पेशी आपली नक्कल करायला बसली की अशा जागी हमखास मोजदाद चुकते, विणताना एकसारखे टाके घालत गेलं की चुकते तशीच. चूक झाली तर ती उसवून नीट करणारी व्यवस्था पेशीतच असते. ती व्यवस्थाच बिघडली की पंचविसाचे बावीस होतात, वीस होतात, आणि तशा हजारो चुका साठत जातात. अशा गाठीला अस्थिर म्हणायचं. या अस्थिर गाठींचं त्यातल्या त्यात एक बरं असतं. चुकांनी त्या इतक्या बरबटलेल्या असतात की शरीराच्या पहारेकरी पेशींना त्या परक्या दिसतात, आणि पहारेकऱ्यांना मोकळं सोडणारं एक नवं औषध त्यांच्यावर फार चांगलं चालतं. गाठ अस्थिर नसेल तर ते औषध बहुधा फुकट जातं. म्हणून गाठीतला डीएनए आणि त्याच माणसाच्या रक्तातला डीएनए शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायचा.

बाईंनी ताडून बघितलं. गाठ अस्थिर होती, त्यात वादच नव्हता. पण दोन्ही नमुने एकाच माणसाचे आहेत ना, हे बघण्यासाठी आणखी काही जागा तपासायची शिस्त बाईंनीच घालून दिली होती. त्या जागा जुळेनात. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. गाठ पुरुषाची होती. रक्त बाईमाणसाचं होतं. आणि गाठीच्या आलेखात, तळाशी, त्याच बाईमाणसाची पुसट छाया पडली होती.

"झालं," बाई स्वतःशीच म्हणाल्या, "कोणीतरी माती खाल्ली."

त्यांनी वर फोन करून रिपोर्ट थांबवल्याचं सांगितलं. कॅन्सरचे डॉक्टर वैतागले. पेशंटची गाठ रक्त सोडतेय, तो दिवसेंदिवस पांढरा पडतोय, आणि तुम्ही थांबवता? बाई म्हणाल्या, "रक्त दुसऱ्याचं आहे. मग गाठ तरी त्याचीच कशावरून? भलत्या माणसाला औषध द्याल, आणि ज्याला हवं तो बसेल बोंबलत. मला शोधू द्या." डॉक्टरांनी फोन आपटला. बाईंना त्याचं काही वाटलं नाही, पण पांढऱ्या पडत चाललेल्या माणसाचं वाटलं.

आता संशय. बाईंच्या संशयाला कधी दूर जावं लागत नसे. रक्त घेणं, नळ्यांवर नाव घालणं आणि डीएनए काढणं ही कामं पैलवान करायचा. पैलवान हे त्याचं टोपणनाव. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून कोणीतरी ते चिकटवलेलं. वीसेक वर्षं तो बाईंच्या हाताखाली होता आणि निवृत्तीला आला होता. मागच्या आठवड्यात याच चष्मेवाल्या पेशंटनं त्याची थट्टा केलेली बाईंनी काचेआडून ऐकली होती. "पैलवान, नळी इतकी लांब धरून वाचता? तुमचा नंबर वाढलाय. दुकानात या, फुकटात तपासून देतो." सगळे हसले होते. बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी ते वाक्य मनात घडी घालून ठेवलं होतं, आणि आज ते बाहेर काढलं.

"पैलवान, दार लावून घ्या." बाईंनी आलेख पुढे सरकवले. "हे रक्त कोणाचं?"

पैलवाननं वाकून पाहिलं, मग मागे सरून पाहिलं. बाईंच्या नजरेतून तेही सुटलं नाही.

"चष्मेवाल्याचं," तो म्हणाला. "मी घेतलं."

"चष्मेवाल्याला दाढी आहे, पैलवान. हे रक्त बाईचं आहे. शेजारची नळी उचललीत का?"

"शेजारी नळीच नव्हती. त्याच्या आधी कोणी नाही, नंतर कोणी नाही. नाव घातलं, त्याला वाचून दाखवलं, मग हात सोडला. मॅडम, इतक्या वर्षांत माझ्या हातून..."

"इतक्या वर्षांत तुमचे डोळे असे नव्हते."

हे बोलायला नको होतं. बोलता बोलताच बाईंना ते कळलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. पैलवानचा चेहरा एवढासा झाला. त्यानं आलेख उलटा करून टेबलावर ठेवला, सरळ केला, पुन्हा उलटा केला.

"तुम्ही सतत तिथेच होतात?" बाईंनी आवाज उतरवून विचारलं.

"कापूस संपला होता. शेजारच्या खोलीतून आणायला गेलो, लगेच आलो."

"आणि आत कोण होतं तेव्हा?"

"तो आणि त्याची ताई. ती सोडतच नाही त्याला. रक्तच लागतं का, थुंकीबिंकी चालत नाही का, यातून काय काय कळतं, हजार प्रश्न. तो बिचारा सुईला घाबरून भिंतीकडे तोंड करून बसला होता, बोलत होती तीच."

बाईंनी मान हलवली, पण कान तेवढे टवकारले. तोंडानं मात्र त्या म्हणाल्या, "छडा लागेपर्यंत तुम्ही त्या खुर्चीपाशी जाऊ नका. भांडारात काम बघा."

पैलवाननं पांढरा डगला काढला, खुंटीला अडकवला, त्याची बाही सारखी केली आणि तो निघून गेला. दिवसभर प्रयोगशाळेत कोणी मोठ्यानं बोललं नाही. सगळ्यांनी मिळून बाईंवर अबोला धरला होता, आणि बाईंना वाटत होतं की हे लोक काहीतरी लपवताहेत.

दुसऱ्या दिवशी जनुकांची तपासणी आली, आणि संशयाचं बूड सरकलं. टाके उसवून नीट करणाऱ्या व्यवस्थेतलं एक जनुक पेशंटच्या गाठीत पूर्ण निकामी होतं, हे आधीच दिसलं होतं. मग तो बिघाड जन्मापासूनचा, घराण्यातून आलेला आहे का, हे बघायला तेच जनुक रक्तातही वाचायला दिलं होतं. दोन्हीकडे एकच बिघाड निघाला. त्याच जागी तेच एक अक्षर गळालेलं. बाई खुर्चीत मागे रेलल्या. असा बिघाड रस्त्यावरच्या कोणाही माणसात सापडत नाही, तो घराण्यात चालत येतो. पैलवाननं शेजारच्या कोणा परक्या बाईची नळी उचलली असती तर तिच्या रक्तात नेमकं हेच अक्षर कशाला गळेल? बाईंनी जुळत नसलेल्या जागा पुन्हा काढून मांडल्या. अगदीच परक्या नव्हत्या त्या. बऱ्याचशा निम्म्या जुळत होत्या.

"ताई," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

आता सगळं कसं सरळ दिसू लागलं. पैलवान कापूस आणायला गेला. भाऊ सुईला घाबरतो. ताई पटकन खुर्चीत बसली. पण पैलवान परत आल्यावर सुई टोचली ती भावालाच ना? मग नळी बदलली असेल. आधीच घरून भरून आणली असेल, पर्समधून. कशासाठी? रक्तात काहीतरी दिसेल अशी तिला भीती होती. दारू? काही गोळ्या? नोंदणीच्या वेळी बाई तिथेच उभ्या होत्या. लहानपणी मोठं आजारपण झालं होतं का, असं विचारल्यावर भावानं तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली होती, "कावीळ." इतक्या घाईनं, की बाईंना तेव्हाच खटकलं होतं. संशयी माणसाच्या डोक्यात दहा कारस्थानं तयार असतात. साधी गोष्ट मात्र अकरावी असते आणि तिला बाहेर ताटकळत बसावं लागतं.

बाईंनी दोघांनाही बोलावून घेतलं. भावाला बाकावर बसवलं. तो खरंच पांढरा पडला होता, ओठसुद्धा, तरी त्याची टकळी चालू होती. "पैलवान कुठं आहेत? त्यांच्या चष्म्याचं मी बघून ठेवलंय." ताईला बाईंनी एकटीला आत घेतलं आणि दार लावलं.

ताई लोकरीच्या कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. हात मांडीवर ठेवून ती समोर बसली, पण तिचे डोळे टेबलावरच्या कागदांवर होते.

"तुम्ही का केलंत हे?" बाईंनी आडवळण घेतलंच नाही. "तुमच्या भावाच्या नावावर आमच्याकडे जे रक्त आहे, ते तुमचं आहे. माझ्या माणसाला मी त्यावरून नाही नाही ते बोलले. तिकडे औषध अडलंय. नळी बदललीत ना तुम्ही?"

ताईच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "मी नाही काही बदललं."

"मग आत्ता, माझ्यासमोर, मी स्वतः त्याचं रक्त घेते. बघू काय येतं."

"घ्या," ताई हळूच म्हणाली. "पुन्हा घेतलं तरी माझंच येईल."

ताईनं पदर तोंडाशी नेला आणि मग, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं असावं तसं, तिनं ते भडाभडा सांगून टाकलं. तो चार वर्षांचा होता. अंगात रक्तच तयार होईना. खेळता खेळता निळा-काळा पडायचा. डॉक्टर म्हणाले, हाडांतला मगज दुसऱ्याचा घालावा लागेल, आणि घरात फक्त हिचा जुळला. ही नऊ वर्षांची. हिला पालथं झोपवून कमरेच्या हाडातून तो काढला. जागी झाली तेव्हा जवळ कोणीच नव्हतं. सगळे त्याच्या खोलीबाहेर. एका नर्सनं बिस्किटाचा पुडा दिला, तो तिनं एकटीनं संपवला.

"त्याला सांगितलं, तुला कावीळ झाली होती," ताई म्हणाली. "आईनं मला शपथ घातली. म्हणाली, त्याला कळलं तर जन्मभर तुझ्यासमोर मान खाली घालून वावरेल. भांडताना तर चुकूनसुद्धा तोंडातून काढू नकोस. आणि आम्ही काय कमी भांडलो? एकदा त्यानं माझी सायकल विकली, मॅडम, मला न विचारता. जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं."

मगज बदललेल्या माणसाच्या अंगात रक्तही मगज देणाऱ्याचंच तयार होतं, हे त्या विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या. आणि इथे त्यांना पर्समधली नळी सुचली, पैलवानचे डोळे सुचले, हे तेवढं सुचलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

"मॅडम," ताईनं विचारलं, आणि बाईंना कळलं की इतके दिवस ही बाई नळ्यांभोवती का घोटाळत होती, "माझ्या रक्तातून गेला का त्याला हा रोग? माझ्यामुळे झाला का?"

"नाही!" बाई जवळजवळ ओरडल्याच. मग उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. "नाही हो. त्याचं जठर त्याचं स्वतःचं आहे, गाठ त्याची आहे. तुम्ही टाके तपासता ना? चुकलेला टाका उसवणारं माणूसच कारखान्यात नसेल तर काय होईल, तसं त्याच्या पोटात झालंय. ते आईकडून किंवा वडिलांकडून आलं. तुम्ही दिलेल्या रक्तानं त्याला इतकी वर्षं जगवलंय फक्त."

ताई रडू लागली, आवाज न करता. बाईंनी तिला रडू दिलं. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण ते बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"गाठीभोवती मी पहारेकरी पेशींची गर्दी बघितली होती. गाठीच्या आलेखात तुमची छाया का आली, ते आता कळलं मला. त्या पेशी तुमच्या आहेत. औषध देणार ते त्यांनाच मोकळं सोडायला. लढायच्या त्या तुमच्याच लढतील. पण इतकी वर्षं त्या त्याच्या अंगात गुण्यागोविंदानं नांदल्यात. एकदम मोकळ्या सुटल्या तर घरच्यांवरच, त्याच्या धडधाकट अवयवांवरच उठायच्या, असंही होऊ शकतं. हे न कळता औषध चालू केलं असतं तर? म्हणून वरच्या डॉक्टरांना सांगावं लागेल. ते जपून देतील, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतील. आणि त्यालाही सांगावं लागेल. सही त्याची लागते."

"गेलेल्या आईची शपथ आहे," ताई म्हणाली.

"आई असत्या तर त्यांनीच सोडवली असती."

बाईंनी टेबलावरचा एक कागद तिच्यासमोर ठेवला. "आणखी एक. रक्तातला हा बिघाड भावाचा म्हणून आम्ही वाचला. वाचला गेला तुमचा. तुम्हाला न विचारता तुमची तपासणी झाली, त्याबद्दल मला माफ करा. तोच बिघाड तुमच्यातही आहे. रोग आहे असं नाही, पण आजपासून तुमच्या पोटावर आणि आतड्यावर नीट नजर ठेवायला हवी. तुमच्या नावानं, तुमच्या संमतीनं, एकदा पुन्हा रक्त घेऊन खात्री करू."

ताईनं कागदाकडे पाहिलंही नाही. "माझं बघू नंतर. त्याला औषध कधी देताय?"

"तुम्ही त्याला सांगितलंत की."

ताईनं डोळे पुसले, नाक पुसलं, उठली आणि दार उघडून बाहेर गेली. बाई दारातच थांबल्या. चोरून ऐकायची सवय त्यांना होतीच, पण आज त्या उघडपणे उभ्या होत्या. ताई बाकावर भावाजवळ बसली आणि त्याच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखं बोलत राहिली. भावाची टकळी थांबली. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. मग त्यानं आपला हात उलटा केला आणि मनगटावरच्या निळ्या शिरेकडे बघत बसला.

बाई भांडारात गेल्या. पैलवान खोक्यांवर खोकी रचत होता.

"पैलवान, चुकलं माझं. रक्त बरोबर घेतलं होतंत तुम्ही. त्याच्या अंगातच ताईचं रक्त आहे, लहानपणी तिचा मगज घातलेला. डोळ्यांचं बोलले, ते तर फारच चुकलं."

"बरं, मॅडम," पैलवान म्हणाला. त्या 'बरं'मध्ये अजून बरंच काही शिल्लक होतं, आणि ते बाईंना कबूल होतं.

त्यानं डगला चढवला. ताईला खुर्चीत बसवलं, नळीवर तिचं नाव घातलं, हात लांब करून ते वाचून दाखवलं आणि नळी बाईंपुढे धरली. "बघून घ्या, मॅडम."

"नको," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाठ फिरवली. खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मान वळवायचा मोह त्यांना झाला, फार झाला, पण वळवली नाही.

मागून पावलं वाजली. सुईला घाबरणारा भाऊ आत आला होता.

"तुम्ही बाहेर बसा," पैलवान म्हणाला. "चक्कर येईल तुम्हाला. रक्त ताईंचंच येणार, म्हणून आता तुमचे फक्त चार केस हवेत मुळासकट, ते नंतर घेतो."

"तेवढेच उरलेत, घ्या," भाऊ म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. त्यानं स्टूल ओढलं, खुर्चीला चिकटून बसला आणि ताईचा मोकळा हात दोन्ही हातांत घेतला.

"अरे, एवढीशी तर सुई," ताई म्हणाली. "तू तिकडं बघ. भिंतीकडं बघ."

"नाही," भाऊ म्हणाला. "मागच्या वेळी तुझ्याजवळ कोणी नव्हतं ना? या वेळी मी बघणार." आणि सुई आत जाऊन नळी लाल होईपर्यंत तो डोळे उघडे ठेवून बघत राहिला.